शेखरची गाडी आणि दसऱ्याचं कुंकू

मंडळी, पार्सिपनीच्या या हॉलमध्ये आपण एरवी गणपतीला जमतो. आज शेखरसाठी जमलोय. मला बोलायला उभं केलंत खरं, पण मला भाषण जमत नाही. सांभाळून घ्या.

शेखर आणि मी एकाच इटालियन कंपनीच्या इथल्या ऑफिसात इंजिनिअर. त्यांची साधी चार दारांची फॅमिली गाडी अमेरिकेत चालेल अशी करायची, हे त्याचं काम. इथल्या नियमाचे जड बंपर लावले की गाडी नाकावर बसायची. मग स्प्रिंगा बदला. थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात, पत्रा गंजतो. मग दारांच्या पोकळीत मेण भरा. आणि टेस्ट कुठे? एअरपोर्टवर! तुमच्यापैकी किती जणांचे आईवडील त्या गाडीतून घरी आले, सांगा. मागे तिघं, मांडीवर लोणच्याच्या बरण्या, आणि हा विचारणार, "काकू, गुडघे टेकतात का पुढे?" काकू हो म्हणाल्या की सोमवारी सीटचं डिझाइन पुन्हा टेबलावर.

यंदा दसऱ्याला ती गाडी त्याने घरी आणली. सुमावहिनींनी पूजा केली, बॉनेटवर कुंकू लावलं. संध्याकाळी पाऊस झाला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात इटलीहून आलेल्या साहेबांनी बॉनेटच्या कडेला लाल ओघळ पाहिला आणि गंज समजून तोंड फिरवलं. शेखरने बोटाने पुसून दाखवलं, तरीही. घरी येऊन त्याने ते हसत सांगितलं. आठवड्याभरात सगळ्यांना कळलं, जपानी गाड्यांपुढे आपला टिकाव नाही, ऑफिस बंद. आणि आता शेखरच गेला. हार्ट अटॅक. कसला देव आणि कसलं काय, मला काही कळेनासं झालंय.

तेव्हापासून वहिनी एकच म्हणताहेत. माझ्या कुंकवाने त्यांची गाडी गेली, गाडीपायी ते गेले. जेवत नाहीत. मुलींशी बोलत नाहीत.

वहिनी, इकडे बघा. शेखरने मला शपथ घातली होती, ती मी आज मोडतो. ऑफिस बंद होणार हे आम्हा दोघांना दसऱ्याच्या आधीच कळलं होतं. मी चिडून विचारलं, मग यार, ती गाडी घरी कशाला नेतोस? तो म्हणाला, "सुमा ताट तयार करून बसलीय रे. करू दे तिला पूजा."

वहिनी, याने तो परत येणार नाही. माझ्याकडे दुसरं द्यायला काहीच नाही हो. आज घरी गेल्यावर मुलींबरोबर दोन घास खा.

मंडळी, उठूया. वहिनींना आणि मुलींना आपण घरी सोडूया.