पांढरीतला सोडलेला चौकोन

मंडळी, टाळ घडीभर मांडीवर ठेवा. मृदंगवाले बुवा, तुम्हीही बोटांना विसावा द्या. आख्यानात शिरण्याआधी मला तुम्हाला एक विचारायचंय.

जमिनीच्या पोटात जे असतं — ते कुणाचं?

हं! बोला की! मागून कोण म्हणालं, "सातबारा ज्याचा, त्याचं"? बरोबर, शेतकरी बसलाय तिथं! इकडून आवाज आला, "सरकारचं"! हे बहुतेक नोकरीतून निवृत्त झालेले दिसतात. आणि ही खांबापाशी बसलेली तरुण मंडळी — काय म्हणताय? "ज्याला सापडेल, त्याचं"? वा! वा! मग आज खास तुमच्यासाठीच गोष्ट सांगते. ऐका!

कवठेसर नावाचं गाव. गावाच्या उगवतीला, ओढ्याच्या काठानं एक वावर. त्याला म्हणायचे पांढरीचं वावर. पांढरी म्हणजे काय, हे जुन्या माणसांना सांगायला नको. पण लेकरांनो, तुम्ही ऐका — फार पूर्वी जिथं गाव वसलेलं होतं आणि मग उठून गेलं, तिथली माती पांढुरकी होते. चुलींची राख, पडलेल्या भिंती, माणसांचं सगळं जगणं तिच्यात मुरलेलं. नांगरताना खापरं निघतात, मणी निघतात, कधी एखादं गंजकं नाणं निघतं. अन् नाणं निघालं की काय होतं? नाणं एक निघतं, गोष्टी शंभर निघतात! "खाली हंडा आहे!" "हंड्यावर नाग आहे!" नाग कुणी पाहिला? कुणीच नाही! पण त्याच्या मिशा किती लांब, ते सगळ्यांना ठाऊक!

हे वावर होतं कौसाबाईंचं. कौसाबाईंचे मालक देवाघरी गेलेले. मुलगा उमेश, सून मंजिरी आणि पाळण्यातून नुकतीच अंगणात उतरलेली नात, ओवी. मंजिरी शिकलेली हो! इतिहास घेऊन पदवी. आता शिकलेली म्हणजे निवांत असेल म्हणता? छे! ओवी झाल्यापासून त्या पोरीचे डोळे झोपेतसुद्धा अर्धे उघडे. विळा कुठं ठेवला, विहिरीचं झाकण सरकलं का, पोरीच्या मुठीत काय आहे — दिवसभर हेच! नवरा हसायचा. म्हणायचा, "मंजिरी, तू जन्मभर पहारा देणार का?" ती म्हणायची, "कुणीतरी द्यायला पाहिजे ना!" — आया हसताहेत बघा. त्यांना कळलं.

तर एक दिवस काय झालं, उमेशचा चुलतभाऊ रमाकांत घरी आला. तालुक्याला त्याचं मोबाईलचं दुकान. हातात एक यंत्र! काठीच्या टोकाला ताटली लावावी, तसं. जमिनीवरून फिरवायचं — खाली धातू असला की ओरडतं, टीं टीं टीं! त्यानं अंगणात फिरवून दाखवलं. तुळशीपाशी ओरडलं — हरवलेला चमचा निघाला. कौसाबाईंच्या पायापाशी ओरडलं — जोडवी! रमाकांतच्या स्वतःच्या पोटापाशी ओरडलं — पट्ट्याचं बक्कल! सगळे हसले.

रमाकांत म्हणाला, "उमेश, ज्वारी निघाली, वावर मोकळं आहे. पांढरीत शोध घेऊ. मी यंत्र आणतो, गजानन येतो, आणखी दोघंतिघं येतील. रविवारी सकाळी. पण वहिनी, बेत तुम्ही आखून द्या. तुम्ही इतिहासवाल्या!"

मंजिरीला मनातून आनंद झाला. लग्न झाल्यापासून तिला कुणी इतिहासाचं काही विचारलं नव्हतं! विचारायचे ते हे की भाकरी थापता येते का! तिनं ओवीला कडेवर घेतलं, रांगोळीचा डबा आणला आणि सारवलेल्या अंगणात अख्खं वावर काढलं! इथं बांध, इथं ओढा, इथं हिवराचं झाड. मग रांगोळीच्या रेघा ओढून चौकोन पाडले. म्हणाली, "एकेका माणसानं एकेक चौकोन घ्यायचा. उकरलेला खड्डा बुजवल्याशिवाय पाऊल पुढं टाकायचं नाही. वावरात लेकरं फिरतात. आणि जुनं काही सापडलं, तर तहसीलला कळवायचं. कायदा आहे."

"तहसीलला?" रमाकांतचं तोंड बघण्यासारखं झालं! वरणात मीठ नसल्यावर होतं ना, तसं! "बरं, बरं, कळवू. पण वहिनी, पहिला चौकोन मी सांगतो." आणि त्यानं हिवराच्या झाडाजवळच्या चौकोनावर बोट ठेवलं. "हा! कारण काय? काकू तिथं कधी औत घालू देत नाहीत. ट्रॅक्टरसुद्धा वळसा घेऊन जातो. सुपाएवढी जागा, पण दरवर्षी पेरल्याविना सोडतात. का सोडतात? फुकट कोण जमीन सोडतं?"

गजानन म्हणाला, "तिथंच आहे!"

उमेश म्हणाला, "अरे, आईचं तिथं काहीतरी देवाचं आहे."

"देवाचंच असतं रे," रमाकांत डोळा मारून म्हणाला, "हंड्यात!"

मंडळी, आता नीट ऐका. बारीक गोष्ट आहे. एवढ्यात कौसाबाई गोठ्यातून आल्या. डोक्यावर चुलीसाठी गोवऱ्यांची पाटी. समोर अंगणभर रांगोळीचं वावर. त्यांना कळलं का, काय काढलंय ते? कळलं. बाई त्या वावरात हयात घालवलेली! त्या थांबल्या नाहीत. बांधाची रेघ तुडवली, ओढा ओलांडला, चौकोनांवरून सरळ चालत आल्या — आणि हिवराच्या झाडापाशी आल्यावर त्यांचं पाऊल वळलं. तेवढा एक चौकोन सोडून, वळसा घालून, त्या घरात गेल्या.

रांगोळीचं वावर हो! खाली शेणाचं अंगण! तरीसुद्धा पाऊल वळलं!

कुणाचं लक्ष गेलं? रमाकांतचं? तो यंत्राचे सेल तपासत होता. उमेशचं? तो आईला रोज बघतो. रोज बघतो त्या माणसाकडे आपलं लक्ष असतं का? लक्ष गेलं एकटीचं. मंजिरीचं.  तिला ओवीचं बारसं आठवलं.

बारशाला शेजारणीनं विचारलं होतं, "कौसाबाई, नातीला वाळे न्हाईत का? तुम्ही मागं लातुराहून आणले होते की चांदीचे!" कौसाबाई म्हणाल्या होत्या, "ते वावरात ऱ्हायले." आणि उठून चुलीकडं गेल्या होत्या. मंजिरीला तेव्हा राग आला होता. वाटलं, निंदताना हरवले असतील, पण नातीसाठी दुसरे आणायला काय झालं! आजवर ती अढी मनात होती. आता ती रांगोळीकडे बघत बसली. वाळे मोठ्या माणसाच्या पायात नसतात. वाळे वावरात आपले आपण जात नाहीत.

संध्याकाळी कौसाबाई गाईची धार काढायला बसल्या होत्या. मंजिरी ओवीला घेऊन जवळ जाऊन बसली. काय विचारावं? कसं विचारावं? मग तिनं विचारलंच नाही. म्हणाली, "आत्याबाई, हिवराजवळचा चौकोन मी काढून टाकते. तिथं यंत्र जाणार नाही."

दुधाची धार थांबली. गाईनं मान वळवून बघितलं.

"काढ," कौसाबाई म्हणाल्या.

पुन्हा धार सुरू झाली. धार काढता काढता त्या आपल्याशीच बोलल्यासारख्या बोलल्या — "उमेशच्या आधीचा. बारशासाठी वाळे आणून ठेवले होते. बारसं यायच्या आधीच घालावे लागले. मालक अन् मी, दोघंच गेलो होतो. एवढ्याशा लेकराला अग्नी देत न्हाईत, माती देतात. घरची माणसं म्हणली, बारसं न्हाई, नाव न्हाई, मग रडायचं कशाचं? मग मी कुणाम्होरं रडले न्हाई."

मंजिरीनं ओवीला छातीशी धरलं.

"उमेशला सांगू नको," कौसाबाई म्हणाल्या. "कुणालाच नको."

"नाही सांगणार."

शब्द दिला! शब्द देणं सोपं असतं, मंडळी. गोठ्यात, गाईसमोर तर फारच सोपं!

आला रविवार. ऊन कोवळं होतं, वाऱ्यावर कडब्याचा वास. मंजिरीनं पहाटेच जाऊन वावरात चुन्याच्या फक्कीनं चौकोन आखले होते. रमाकांत आला, गजानन आला, मित्र आले. फिरून बघितलं आणि रमाकांत थांबला.

"वहिनी, हिवराजवळ फक्की नाही."

"तो चौकोन घ्यायचा नाही, भाऊजी."

"का?"

"नाही घ्यायचा."

"अहो, पण कारण?"

"कारण मला माहीत आहे. सांगणार नाही."

बघा! केवढी साधी बाई! खोटं सांगता आलं असतं की! साप आहे म्हणायचं, देव कोपेल म्हणायचं — सगळे मागं सरले असते! पण त्या मातीवर उभं राहून तिच्या तोंडून खोटं निघेना. रमाकांत हसला. मित्रांकडे वळून म्हणाला, "घ्या! तहसीलला कळवा म्हणणाऱ्यांनी स्वतःचा बंदोबस्त आधीच केलेला दिसतो! काय वहिनी, अर्धं तरी द्या!"

सगळे हसले. ती हसणं झेलत उभी राहिली. पण मग उमेश जवळ आला, हळू आवाजात म्हणाला, "मंजिरी, माझ्यापासून तरी लपवू नकोस. काय पुरलंय तिथं?"

लोकांचं हसणं अंगावरून जातं, मंडळी. घरच्या माणसाचा संशय आत जातो. एक वाक्य बोलली असती, तर नवरा आपला झाला असता, रमाकांतचं तोंड बंद झालं असतं! ओठापर्यंत आलंही. तिनं ते गिळलं. म्हणाली, "उमेश, मला चोर म्हणायचं असेल तर म्हण. पण यंत्र तिथं जाणार नाही." आणि ती त्या जागेच्या कडेला जाऊन उभी राहिली.

बांधावरून कौसाबाई येत होत्या. डोक्यावर न्याहरीची पाटी, कडेवर ओवी. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आल्या. ओवीला सुनेच्या हातात दिलं. पाटी उतरवली. आणि त्या मोकळ्या जागेपाशी मांडी घालून बसल्या.

"उमेश, इकडं ये. बस."

उमेश बसला.

"हितं तुझा भाऊ हाय. थोरला. त्याच्या पायात वाळे हायेत. तुमचं यंत्र त्याला ऐकून वरडलं असतं. माझ्या सुनेला मीच शब्दात बांधली होती. तिला कुणी काही बोलायचं न्हाई."

एवढंच! आवाज चढला नाही, ऊर बडवला नाही. भाकरी झाली का विचारावं, तसा आवाज! रमाकांतनं खाली वाकून यंत्र बंद केलं. सेल काढून खिशात टाकले. मग कुणी न सांगता पायातली चप्पल काढली. त्याचं बघून गजाननानं काढली. "काकू —" म्हणून रमाकांत अडखळला. कौसाबाई म्हणाल्या, "न्याहरी कर बाबा. पिठलं गार हुईल."

उमेश मातीवर हात ठेवून बसला होता. ज्या जागेला जन्मभर देवाची म्हणत आला, ती भावाची निघाली. बायकोकडे मान वर करून बघायची हिंमत होईना. शेवटी आईला विचारलं, "आई, त्याचं नाव काय ठेवणार होतीस?"

कौसाबाई वाकल्या. अगदी जमिनीला तोंड लागेल इतक्या वाकल्या. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगतात ना, तशा कुजबुजल्या. मग सरळ होऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या —

"मुरलीधर."

आणि तेव्हा रडल्या. इतक्या वर्षांनी, चारचौघांत, रडल्या. मंजिरीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तेवढ्यात न्याहरीच्या पाटीत हात घालून आलेली ओवी आजीच्या डोळ्यांतलं पाणी पुसायला निघाली — हात पिठल्याचे! आजी रडता रडता हसली.

मग पुढं शोध झाला की नाही? तुम्हाला तेच पडलंय! झाला हो! न्याहरीनंतर रमाकांतनंच विचारलं, "काकू, ओढ्याकडून बघू का?" त्या म्हणाल्या, "बघा की!" आणि काय काय सापडलं! ट्रॅक्टरचा नट, मोडका फाळ, सोड्याच्या बाटल्यांची बुचं! आणि एक तांब्याचं नाणं, झिजून गुळगुळीत. ते रीतसर तहसीलला पोहोचलं. पोहोचवलं कुणी? रमाकांतनं! वाटेत मित्रांनी डिवचलं तेव्हा म्हणाला, "वहिनींनी सांगितलंय. विषय संपला."

आता, खांबापाशी बसलेल्या मंडळींनो! जमिनीच्या पोटात जे असतं, ते कुणाचं? ज्याला सापडेल, त्याचं? कौसाबाईंच्या वावरात सगळ्यांत मोलाचं जे होतं, ते कुणाला सापडलं? यंत्र ज्याच्या हातात होतं, त्याला? की रांगोळीवरून जाणाऱ्या पावलाकडं जिचं लक्ष होतं, तिला? आणि सापडल्यावर तिनं काय केलं? उकरलं नाही! राखलं!

आपल्याला वाटतं, जे कळलं ते बोलून टाकावं. जे सापडलं ते दाखवावं. देव तुमच्या माझ्या पोटातलं सगळं जाणतो — कधी चारचौघांत बोलला का? पहाऱ्यावर विटेवर उभा आहे, ओठ मिटून! त्याच्या पायाशी बसायचं, तर एवढं तरी शिकायला नको?

तर आज घरी जाल. चपला सापडल्या, तर जाल! घरात आई असेल, आजी असेल, सासू असेल. उद्या सकाळी जरा बघा — ती कोणत्या कोपऱ्याला वळसा घालते, कोणतं नाव आलं की चुलीकडं उठून जाते, कोणता सण आला की गप्प होते. रोज बघता म्हणून दिसलं नसेल. दिसलं, तर लगेच विचारू नका. यंत्र घेऊन धावू नका!

तिच्या मागं चालत जा, आणि ती वळते तिथं तुम्हीही वळा.

बस्स. मृदंगवाले बुवा, घ्या आता मृदंग. पण हळू वाजवा. पहिला टाळ मुरलीधरासाठी.