मी तिसगावचा जपान होतो तेव्हा

नाही, काढलं त्याचं दुःख नाही हो. काढायचं तर काढा. माणसाला दुकानातून काढतात, पंचायतीतून काढतात, घरातूनसुद्धा काढतात... मला कुठून काढलं? तर जपानमधून. इथं तिसगावात बसल्या जागी. आता तुम्ही म्हणाल, राधाकृष्णशेठ, सकाळी सकाळी काय घेतलंत? बसा, तुम्हाला सांगतो, गिऱ्हाईक नाही आत्ता.

आमच्याकडं विष्णुपंत म्हणून रिटायर हेडमास्तर. माणूस सोन्यासारखा, पण रिटायर झाला आणि दिवस त्याला खायला उठला. लहानपणी आट्यापाट्या खेळलेले. म्हणजे काय, तर जमिनीवर आडव्या पाट्या आखायच्या, एका बाजूनं त्या अडवून धरायच्या, आणि दुसऱ्या बाजूनं अंगाला हात लागू न देता त्या ओलांडायच्या. एवढाच खेळ. पण पंत गेले नगरच्या वाचनालयात, तिथं कुठल्याशा परदेशी खेळाच्या महासंघाची घटना हाताला लागली, बसून अख्खी उतरवली, जिथं जिथं त्या खेळाचं नाव तिथं तिथं आट्यापाट्या घातलं, आणि झाला की आंतरराष्ट्रीय आट्यापाट्या महासंघ, मुख्य कचेरी तिसगाव! रबरी शिक्कासुद्धा करून आणला. जगात असा दुसरा महासंघच नाही म्हटल्यावर हरकत घेणार कोण?

पण घटनेत कलम चार. नियामक मंडळावर किमान पाच राष्ट्रांचे प्रतिनिधी पाहिजेत. पंत अडले का? छे. माझ्या भुसार दुकानात जपानी घड्याळ, म्हणून मी जपान. गोरक्ष पाटलाच्या विहिरीवर विलायती इंजिन, म्हणून तो इंग्लंड. सहादेव बैलबाजारातला दलाल, लढाईत ब्रह्मदेशात खेचरं हाकून आलेला, तो ब्रह्मदेश. निदान तो जाऊन तरी आला होता. पोस्टमास्तर यज्ञेश्वर तिकिटं जमवायचे, त्यात स्वित्झर्लंडची जास्त, तेव्हा ते स्वित्झर्लंड. आणि भारत म्हणजे स्वतः पंत, अध्यक्षही तेच.

दर महिन्याला शाळेच्या व्हरांड्यात सभा. पहिल्याच सभेत मी विचारलं, पंत, आपण करायचं काय, खेळायचं? पंतांनी चष्मा काढला. "शेठ, नियामक मंडळ नियमन करतं. खेळणं हे खेळाडूंचं काम." आणि खेळाडू कुठं आहेत हे विचारायची सोय नाही, कारण तो विषय कार्यक्रमपत्रिकेवर नाही. तीन सभा पाटी फुटात मोजायची का मीटरात यावर गेल्या. मग बांगलादेश नवा झाला, तर चौथी सभा, हा आता द्यायचा कुणाला? गोरक्ष म्हणाला, "माझ्याकडं एक हाय, त्योच जड जातोय." आणि बाजारच्या दिवशी दुकानाला कुलूप घालून मी हे ऐकत बसलेलो. का? कारण मी कोण? मी जपान.

अशात आमची शोभा. पोरगी अकरावीला. मॅट्रिक झाली की वैशाखात लग्न, सगळं ठरलेलं. तिनं शाळेतल्या आठ मैत्रिणी जमवल्या होत्या, आणि तिसगावात आट्यापाट्या खरोखर खेळणारं कुणी असेल तर त्या नऊ पोरी. श्रीगोंद्याला मुलींचे सामने निघाले, आणि पत्रकात लिहिलेलं, येताना आपल्या संघटनेचं पत्र आणावं. शोभा गल्ल्यासमोर येऊन उभी राहिली.

"अण्णा, एवढं एकच पत्र. पुढच्या वर्षी मी कुठं असणार?"

मी गल्ला बंद केला. म्हटलं, अगं, पत्राचं काय घेऊन बसलीस, तुझा बाप जपान आहे!

सभा भरली. पंत म्हणाले, पत्र देऊ, पण घटनेत मुलींचा उल्लेखच नाही, तेव्हा मत घ्यावं लागेल, आणि तेही गुप्त. चिठ्ठ्या काढल्या, तर गोरक्षाला लिहिता येईना, आणि त्याचा अंगठा उठवला तर गुप्त राहिलं काय? तेव्हा सहादेव बोलला. "गुर्जी, बाजारात हजाराची जोडी इकली जाती, शेजारच्याला पत्त्या लागत न्हाई. रुमालाखाली हात घ्या अन् बोटं दाबा." पंत खूश. घटनेत गुप्त म्हटलंय, रुमाल नको असं कुठं म्हटलंय? ठरलं. एक बोट म्हणजे हो, दोन बोटं म्हणजे नाही. पंत एकेकापुढं रुमाल घेऊन बसायला लागले.

आता माझी चूक ऐका, आणि तुमच्यात कुणी व्यापारी असेल तर त्यानं हसू नये. रुमालाखाली हात गेला की तीस वर्षांची सवय जागी होते. पहिल्या दाबाला कुणी मनातलं सांगतं का? आपण आधी उलटं बोलायचं, समोरच्यानं बोटं दाबायची, आपण नाखुशीनं थोडं सरकायचं, असं तीन-चारदा झालं म्हणजे मग सौदा. त्यात काम स्वतःच्या मुलीचं, उतावीळ दिसू नये... मी दाबली दोन बोटं. आणि वाट बघतोय, आता पंत एक दाबतील, मग मी जरा आढेवेढे घेईन... तर त्यांनी हातच काढून घेतला. "आभारी आहे, जपान."

निकाल! इंग्लंड नाही, ब्रह्मदेश नाही, जपान नाही. स्वित्झर्लंड तटस्थ, पोस्टमास्तर कशातच नसतात. गोरक्ष ताडकन उठला. "अवो, ती म्या पयली बोली केल्ती! माझी नात हाय त्या पोरींत!" सहादेव डोकं धरून बसला, कारण त्यानंही तेच केलेलं. तिघं बाजारातली माणसं, पोरींनी जावं असं तिघांच्या मनात, आणि तिघांनी एकमतानं त्यांना घरी बसवलं. पंतांनी शांतपणे पान उलटलं. "कलम चौदा. झालेला निर्णय चार वर्षं बदलता येत नाही."

शोभाला सांगितलं. तिनं पत्रकाची घडी घातली आणि भूगोलाच्या पुस्तकात ठेवली. केशरबाईंनी, म्हणजे आमच्या मंडळींनी, तेवढं विचारलं, "मुलगी तुमची, मत तुमचं. मग घासाघीस कुणाशी करत होता?" तुम्हाला सांगतो, ताटावरून उठलो आणि शोभाला म्हटलं, पोरींना निरोप दे, सकाळची एसटी.

दिवस उजाडला तसा उठलो, नऊ पोरी एसटीत घातल्या आणि गाठलं श्रीगोंदं. टेबलावरच्या माणसानं विचारलं, पत्र? खिशात दुकानाचं बिलबुक होतं. एक पान फाडलं आणि लिहिलं, मुली नग नऊ पाठवीत आहोत, खेळवून सुखरूप परत कराव्यात. खाली सही, राधाकृष्ण, जपान, नियामक मंडळ. त्या माणसानं दोनदा वाचलं, मला एकदा आपादमस्तक न्याहाळलं, आणि लाऊडस्पीकरवर पुकारलं, जपानचे प्रतिनिधी आपल्यात आलेले आहेत. हजार माणसं उठून जपान्याला शोधायला लागली, आणि हार पडला कुणाच्या गळ्यात? धोतरटोपीतल्या भुसार व्यापाऱ्याच्या! बोलणार काय, मी जपान.

पण शोभा खेळली हो. फाटक्या पोत्यातनं ज्वारी सुटावी तशी नऊच्या नऊ पाट्यांतून निसटली, कुणाचं बोट लागलं नाही. दुसऱ्या सामन्यात हरल्या. गुडघा फुटलेला, वेणी सुटलेली, आणि एसटीत माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. लहानपणानंतर पहिल्यांदाच.

तो लाऊडस्पीकर कसा कोण जाणे तिसगावापर्यंत ऐकू आला. पंतांनी सभा बोलावली. कलम वीस, अधिकार नसताना सही केल्यास सदस्यत्व आपोआप रद्द, मत घ्यायचंही कारण नाही. मी गेलो. पण पंधरा दिवसांत पाचवं राष्ट्र भरलं नाही तर महासंघच आंतरराष्ट्रीय राहत नाही! पंत गावभर फिरले, पण देश व्हायला कुणी तयार होईना. एकानं विचारलं, जपान झालं तर रेशनकार्ड राहतं का? शेवटी आमच्याच दारात आले, माझ्याकडं न बघता आत गेले, आणि केशरबाईंपुढं हात जोडले.

ती म्हणाली, "होते की. पण आधी लिहा, पोरींनी खेळायचं. शाई वाळली की मी सही करते."

पंत म्हणाले, कलम चौदा, चार वर्षं...

"ते तुम्हीच लिहिलंय ना, गुरुजी? मग तुम्हीच खोडा."

रुमाल नाही, आढेवेढे नाहीत, एक भाव. आणि पंतांनी खोडलं! तीस वर्षं मी बाजारात बसलो, आणि ही बाई घरात बसून... जाऊ द्या. शोभानं त्यानंतर दोन गावं खेळून घेतली, वैशाख लागायच्या आत आणखी एक होईल म्हणते.

आता सभा आमच्याच ओट्यावर भरते. काल पाचही राष्ट्रं बसलेली. माजी सदस्य म्हणून दोन शब्द बोलावेत अशा हिशेबानं मी दारात जाऊन उभा राहिलो. जपाननं मान वर केली आणि म्हणाली, "अहो, पाच कप चहा. स्वित्झर्लंडला बिनसाखरेचा."

ठेवलं आधण. करता काय?