सिंथेसायझरसाठी जागा

माझा जुना मित्र अमृत, त्याच्या पत्राला मी उत्तर दिले नव्हते. मुलाकडे राहायला जाताना त्याला आपला सिंथेसायझर माझ्याकडे ठेवायचा होता. माझी एकच खोली, तीही पुस्तकांनी भरलेली.

विसरवाडीच्या थांब्यावर शेजारी एक जोडपे बसले होते. बँडमधला वादक आणि त्याची गरोदर बायको. सिंथेसायझरची लांब बॅग दोघांच्या मांडीवर आडवी.

“नंदुरबारले इकीच टाकस. घर केवढं, बाळना पाळणा कोठे ठेवसूत?” नवरा सिंथेसायझर विकायलाच निघाला होता.

“आन् लगीनसराईमा काय वाजाडशात? ताट?”

“तुन्हीच तं रोज बोंब शे. खाटखाले कीबोर्ड, झाडू फिरत नही.”

“बोंब तं मारसूच, बायको शे मी! पन तुम्हीन हेडफोन लाईसन वाजाडतस, तवय एक बाजू मी मन्हा कानले लावस का नही?”

“लावस.”

“मंग?”

“मंग पाळणा?”

“पाळणा कसाले? आढ्याले झोळी बांधसूत. कीबोर्ड ऱ्हाई तिना खाले.”

“आन् पोरगं मुतनं तं?”

“रेक्झिननं कव्हर शे ना वर!”

नंदुरबारची गाडी आली, थांबली, गेली. दोघे बसूनच हसत होते.

मी पोस्टात गेलो. कार्डावर लिहिले, ‘पाठव. टेबलावरची पुस्तके खाटेखाली जातील.’ आणि ते टपालपेटीत टाकले.