हिरव्या रंगातली खालची गल्ली

या समारंभाच्या अध्यक्ष, आदरणीय संचालकबाई. व्यासपीठावरून माझ्याबद्दल इतकं गोड बोललेले आमचे विभागप्रमुख. मोजणीच्या गाडीचे चालकदादा. माझे सर्व सहकारी. आणि पहिल्या रांगेत मघापासून चष्मा पुसत बसलेली माझी अक्का,

एवढं कौतुक ऐकून आपण निवृत्त होतोय की आणखी काही, अशी शंका यायला लागली होती. अक्कानंही माझ्याकडे तशाच नजरेनं पाहिलं. विभागप्रमुख म्हणाले, "यांच्यामुळे शहराचा नकाशा हिरवा झाला." त्याबद्दलच थोडं बोलतो. बाई, घड्याळाकडे पाहू नका, वेळेत संपवीन.

इथे काही घरची मंडळी आली आहेत. आपला माणूस दिवसभर ऑफिसात नेमकं करतो काय, हे त्यांना अजून कळलेलं नाही. अक्का तर शेजारणींना सांगते, "तो टॉवरवर चढतो." अक्का, मला खुर्चीवर चढायची भीती वाटते. आमचं काम एवढंच, की मोबाइलच्या टॉवरमधून निघालेली लहर एखाद्या घरापर्यंत पोचेल तेव्हा तिच्यात किती जीव उरेल, याचा आधीच अंदाज बांधायचा. भिंत किती खाते, उतार किती अडवतो, हे सगळं संगणकाला शिकवायचं. मग तो नकाशा रंगवतो. हिरवं म्हणजे सिग्नल पोचतो, लाल म्हणजे नाही. अंदाज पडताळायला मोजणीची गाडी गल्लोगल्ली फिरते.

आता ही गाडी फिरते केव्हा? पानगळीत. नेहमीच पानगळीत, कारण रस्ते कोरडे असतात आणि वर्षाचा अहवाल लगेच पुढे द्यायचा असतो. चालकदादांनी मान खाली घातली, त्यांना पुढचं ठाऊक आहे. अक्का राहते त्या खालच्या गल्लीत, टॉवर आणि घरं यांच्यामध्ये उंच झाडांची दाट रांग आहे. गाडी गेली तेव्हा त्या रांगेत नुसत्या काड्या होत्या. सिग्नल सुरेख आला, गल्ली हिरवी झाली. पूर्वीच्या लांब लहरी झाडांतून कशाबशा निभावून जायच्या. ब्रॉडबँडच्या आखूड लहरींना मात्र ओल्या पानांचं वावडं. झाडं भरली की त्या गल्लीत फोन म्हणजे नुसती हातात धरायची वस्तू.

मी पानांचा हिशेब संगणकाच्या मॉडेलमध्ये घातला होता. त्यानं खालची गल्ली लाल झाली, आणि तशाच आणखी कितीतरी. विभागप्रमुखांनी मला चहाच्या खोलीत बाजूला घेतलं. "अहो, सरासरी चूक मर्यादेत आहे ना? मग पानं कशाला मोजत बसता?" हिशेब काढून टाकला गेला. तेव्हापासून मी तुमचा झाडकाका. कुणीतरी चेष्टेनं माझ्या टेबलावर कुंडी आणून ठेवली. चांगली वाढली आहे, तिला पाणी मीच घालत आलो. साहेब, मी तुमच्यावर रागावलेलो नाही. रागवायलाही अंगात काही लागतं, ते उरलेलं नाही.

नकाशा हिरवा, म्हणून त्या गल्लीतल्या टेलिफोनच्या जुन्या तारा काढल्या. त्यानंतर झाडं ऐन भरात असताना एका दुपारी अक्काचे यजमान, माझे भाऊजी, स्वयंपाकघरात खाली बसले ते उठेनात. शेजारी सगळे कामावर. अक्कानं फोन लावला. "रिंगच जाईना रे," ती मला सांगत होती, "मला वाटलं मीच काहीतरी चुकीचं दाबतेय." भाऊजींच्या डोक्याखाली उशी देऊन, दुखरे गुडघे घेऊन ती चढ चढत झाडांपलीकडच्या वळणापर्यंत गेली. तिथे फोन लागला. ती परत येईपर्यंत भाऊजी गेले होते.

लवकर कळलं असतं तर ते वाचलेच असते असं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. वाचले नसते असंही त्यांना सांगता आलं नाही. अक्का अजून म्हणते, "माझंच बोट चुकलं असेल." मी किती वेळा समजावलं. पण तिचा नकाशावर विश्वास आहे, कारण तो तिच्या भावाच्या ऑफिसात झालाय.

निवृत्त होण्याआधी मी एकच मागणं मागितलं होतं. झाडं भरलेली असताना एकदा, एकदाच, गाडी खालच्या गल्लीत पाठवा. या आठवड्यात उत्तर आलं. मोजणी बंद होते आहे, नकाशा अंतिम समजावा. काल चालकदादांनी गाडीच्या चाव्या जमा केल्या. निरोपाच्या भाषणात तरुणांना उमेद द्यायची असते, हे मलाही कळतं. माझ्याकडे असती तर दिली असती. काय बदलेल? मला तर काही दिसत नाही.

उद्यापासून मी अक्काकडे राहायला जातोय. तिला एकटं ठेववत नाही. आणि दोघं असलो, तर वेळ आलीच तर एकाला वळणापर्यंत जाता येईल आणि एकाला जवळ बसता येईल. माझ्या सगळ्या शिक्षणातून शेवटी एवढाच उपाय निघाला.

तुम्ही सगळ्यांनी मिळून हा नवा फोन दिलात. मघाशी सुरू करून पाहिला, इथे व्यासपीठावर सिग्नल अगदी पूर्ण आहे. तुमचे सर्वांचे, संचालकबाईंचे आणि इतकी वर्षं मला सांभाळून घेणाऱ्या विभागाचे मनापासून आभार. चांगल्या प्रसंगी रडगाणं गायलो, कुणाला लागलं असेल तर मोठ्या मनानं पोटात घाला.

आणि हो, आज भेटायला आलेला प्रत्येकजण म्हणाला, फोन करत राहू. जरूर करा. फक्त पानगळ होऊ द्या, मग करा.