कमळीचं पान

आमचं मूळ निपाणीकडचं, पण आजोबा कात्री घेऊन बेंगळूरला आले ते चामराजपेटेतच राहिले, म्हणून मी जन्मानं शिंपी आणि बोलण्यानं अर्धा कन्नड, स्वल्प सांभाळून घ्या. पण माझ्या कमळीचं सांगतो ते नीट लिहा बरं का, एक अक्षर गाळू नका!

कमळी माझी एकुलती एक लेक. जन्मली तेव्हाच डॉक्टर बोलले, डोळे तिरके, तळहातावर एकच आडवी रेघ, ही हळूहळूच वाढणार, डाऊन का काय म्हणतात आता त्याला. वाढू दे की हळू, आम्हाला कुठं घाई होती? दुकानात बसून बटणं रंगारंगानं वेगळी करायची, गिऱ्हाईक आलं की आधी हिचा नमस्कार, मग माझं माप.

नववं लागलं तशी पोर मंदावत गेली. काय सांगू तुम्हाला, बटणं हातात तशीच आणि ही झोपलेली, भर उन्हात शाल मागायची, आवाज घोगरा. बायको म्हणायची अहो हिला काहीतरी होतंय, आणि ज्याला दाखवावं तो म्हणायचा अशी मुलं अशीच असतात, आहेत तेवढे दिवस सांभाळा. मीसुद्धा मान डोलवायला लागलो होतो, खोटं कशाला बोलू.

मग युगादीचा, म्हणजे आपल्या पाडव्याचा, झगा बेतायला मापाची वही काढली. दर युगादीला कमळीचं पान भरतो मी, गिऱ्हाइकासारखं. बघतो तर काय, आधी दर साली उंची बोटभर तरी वाढलेली, आणि गेली दोन सालं तिथंच, कंबर मात्र तीन इंच जास्त! हळू वाढणारी पोर थांबली कशी हो? टेप खोटं बोलत नाही. वही काखेत मारली आणि गाठला मोठा दवाखाना. तिथल्या नव्या डॉक्टरीणबाईपण म्हणायला लागल्या, अण्णा, अशी मुलं... मी वही उघडून टेबलावर आपटलीच! बाईंनी एकेक साल बोटानं वाचलं, कमळीचा गळा चाचपला, रक्त तपासलं, आणि म्हणाल्या हे नुसतं जन्माचं नव्हे, गळ्यातली ग्रंथी मंद झालीय, याला गोळी आहे. गोळी आहे! मी तिथंच रडलो.

दीड महिन्यानं एका सकाळी कमळीनं शाल भिरकावली आणि ओरडली, अण्णा, बटणं कुठायत? अहो, मशीन तसंच सोडून मी नाचलो की दुकानात, गिऱ्हाईक बघतंय तर बघू दे!

आता रोज गोळी, जन्मभर. बाई दर साली तिचे कान, डोळे, छातीपण बघतात, आणि अशा दुसऱ्या मुलांच्या आयांना सांगतात, आधी शिंपीअण्णाकडून माप घेऊन या. परवाच्या युगादीला कमळीनं टेपचं टोक स्वतःच खांद्यावर धरलं, मी वाकून बघितलं, दीड इंच! गेल्या सालचा झगा आखूड! एवढी वर्षं शिवतोय, पण कापड कमी पडलं म्हणून असा आनंद कधी झाला नव्हता. देव करो नि तिच्या पानावरची जागाही अशीच संपो, मी नवी वही आणीन.