फक्त दोन सेल

मी आणि माझ्या बायकोने मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे टीव्हीचा रिमोट साफ केला, ताई, दुसरं काही नाही. लोक विचारतात काकू शेवटी काय बोलल्या, तर काय सांगू तुम्हाला, रिमोटबद्दल बोलली. दुपारचे चार वाजले असतील, रिमोट चालेना, मी दोनदा हातावर आपटला, तिसऱ्यांदा पलंगाच्या कडेवर आपटणार तर तिने काढून घेतला, म्हणाली मारून काय होतंय, तो काय तुमचा पंप आहे? मागचं झाकण उघडलं तर आतले सेल पाझरलेले, स्प्रिंगवर हिरवटपांढरं काहीतरी चिकटलेलं. तिने दात घासायचा जुना ब्रश घेतला, त्यावर लिंबाचे दोन थेंब, दोनच, हलक्या हाताने घासलं, कोरड्या फडक्याने पुसलं, आणि बाहेर पायरीवर उन्हात ठेवलं, मला म्हणाली राखण करा, माकड नेईल. मी पायरीवर बसून रिमोटची राखण केली. मग तिने भिंतीवरच्या घड्याळाचा एक सेल काढला, टॉर्चमधला एक काढला, घातले, टीव्ही लागला. लगेच बंद करून सेल परत जागच्या जागी, कारण घड्याळ थांबलेलं तिला चालत नसे. मी म्हटलं कशाला ही कटकट, ओरछा गेटच्या दुकानात नवे रिमोट टांगलेले असतात, एक आणतो. ती म्हणाली काही नको, उद्या दुधाला जाल तेव्हा दोन सेल आणा, दोनच, आणि नवा रिमोट हवाच असेल तर चिठ्ठी टाका.

दिवेलागणीला म्हणाली छातीत कळ येतेय, जरा पडते. रिक्षा दारात येईपर्यंत संपलं होतं.

चिठ्ठीचं सांगतो, पण आधी मी कोण ते लिहा. आमचे पूर्वज देशावरून आले, मराठ्यांचं राज्य होतं तेव्हा, लक्ष्मी तालावरच्या, म्हणजे इथल्या तळ्यावरच्या, देवळात पूजेला. सगळे शिकलेले, कोणी बाबू, कोणी मास्तर, मी तेवढा बिघडलेला. आठवीत दोनदा बसलो, दुसऱ्या वेळेला मास्तरांना शिवी दिली, शाळा संपली. मग छावणीतल्या पाण्याच्या पंपावर खलाशी, म्हणजे हेल्पर, लागलो आणि तिथेच म्हातारा झालो. मोटर अडली तर पान्याने ठोकायची, हेच माझं शिक्षण. ही ग्वाल्हेरची, प्रमिला नाव, दहावी पास, घरातली हर एक लहान वस्तू तिच्या ताब्यात. फोन चार्ज होईना तर मी म्हणायचो गेला, ती म्हणायची थांबा, आणि फोन बंद करून त्याच्या तोंडातला कचरा लाकडी काडीने काढायची, सुईने कधी नाही, सुईने आतलं मोडतं. फ्रिज थंड करेना तर दारात कागद अडकवून बघायची, कागद सहज निघाला म्हणजे रबर ढिलं. मिक्सर बंद पडला तर म्हणायची दमलंय, बसू द्या त्याला, आणि थोड्या वेळाने चालू करून दाखवायची. मला वाटायचं बाईची श्रद्धा आहे, मशीनवरसुद्धा.

आणि माझं काय, दिसलं की घेतलं. पाठ दाबायचं मशीन, बोलणारं घड्याळ, मच्छर मारायची बॅट तर तीन. मग आमच्या हेमंतने, मुलगा माझा, पुण्याला असतो, मोबाइल पाठवला आणि सत्यानाश झाला, बोटाने दाबलं की सामान दारात. तेव्हा हिने दोन गोष्टी केल्या. फोनात बँकेच्या कार्डाचा नंबर भरून ठेवलेला होता तो पुसून टाकला आणि कार्ड मसाल्याच्या डब्यात हळदीखाली ठेवलं, मतलब दर वेळी उठा, हात पिवळे करा, मग नंबर भरा. आणि दुसरी गोष्ट, जे हवं त्याची चिठ्ठी लिहून मोदकपात्रात टाकायची, संकष्टीपर्यंत हात लावायचा नाही. संकष्टीला चंद्र दिसला, पाणी दिलं, की ताटावर बसायच्या आधी ती चिठ्ठ्या काढायची, एक एक वाचायची, विचारायची, अजून हवंय? आता दिवसभराची उपाशी बाई समोर, वरणभात निवतोय, तिथे माणूस काय हुज्जत घालणार? आणि खरं सांगू, अर्ध्या चिठ्ठ्यांचं मलाच आठवत नसे. एका चिठ्ठीवर नुसतं 'निळा' लिहिलेलं, माझंच अक्षर. निळा काय ते आजतागायत कळलं नाही, ती हसून हसून जेवायची राहिली.

तर ही माझी ख्याती. म्हणून हिची धाकटी बहीण, शालू, ग्वाल्हेरभर सांगते की दीदी घरात पडली होती आणि भाऊजी बाजारात सामान घ्यायला गेले, त्यांना बायकोपेक्षा सामान प्यारं. आणि लोकांना खरं वाटतं. का नाही वाटणार? तेरावं झालं आणि मी काय काय नाही घेतलं. घरात पाय टिकत नव्हता. लक्ष्मी तालापर्यंत जायचो, परत यायचो, चहा ठेवायचो, तो गॅसवरच सोडून पुन्हा निघायचो, येऊन बसलो की फोन हातात, दाबलं. कार्ड तर मी मसाल्यातून पहिल्याच आठवड्यात काढलं. पावलं मोजायचं घड्याळ आलं, कानात घालायची बोंडं आली, जमीन पुसणारी एक चकती आली, ती पलंगाखाली अडकून रडत बसायची. सामान आणणारा भैया दारातून ओरडायचा, दादा, आज दो हैं. खोका उघडेपर्यंत बरं वाटायचं, ताई. उघडला की पुन्हा तेच घर.

एक दिवस चटणी करताना तिचा मिक्सर बंद पडला. मी आपटला, शिव्या दिल्या, नवा मागवला, दुसऱ्या दिवशी आला. जुना बाहेर ठेवला भंगारवाल्यासाठी, तर शेजारच्या कुशवाहा भाभींनी तो उचलला, उलटा केला, खाली एक लाल बटन असतं ते दाबलं, आत नेऊन लावला तर घरघर चालू. म्हणाल्या दादा, जे तो बस गरम हो गओ हतो. लई गरम झालं की ते आपणहून थांबतं, थोडं निवू द्यायचं, मग बटन दाबायचं. दमलंय, बसू द्या त्याला. ती अगदी बरोबर सांगत होती, इतकी वर्षं, आणि मी श्रद्धा समजून राहिलो होतो. मी तिथेच फरशीवर बसलो. भाभी घाबरल्या, पाणी आणलं.

नवा मिक्सर परत पाठवला. कार्ड पुन्हा मसाल्यात. आता मोहल्ल्यातले लोक मला रिमोट, फोन आणून दाखवतात, म्हणतात दादा, देख लो. मी सांगतो आधी बंद कर, शंभर मोज, पुन्हा लाव, अर्धे रोग तिथेच जातात. तरी विकत घ्यायचा असेल तर चतुर्थीपर्यंत थांब. हसतात. संकष्टीला मी उपास करत नाही, साखरेची बिमारी आहे, पण चंद्राला पाणी देतो आणि चिठ्ठ्या काढतो. अजून हवंय, हे स्वतःलाच विचारावं लागतं. ताट निवतं.

पुढच्या महिन्यात तिचं वर्षश्राद्ध. हेमंत म्हणतो बाबा, मावशी येणार नाहीत, सोडून द्या. मी नाही सोडणार. मला बोलता येत नाही, बोललो की भांडण होतं, म्हणून तुम्हाला लिहायला बसवलं. हे शालूला पाठवायचं. बाजारात गेलो होतो हे खरं. कशाला गेलो होतो ते लिहा.

शालू रात्रीच पोचली होती. हेमंतची गाडी दुपारी येणार, तोवर हिला पुढच्या खोलीत बर्फावर ठेवलेली. सकाळ झाली, बायका बसलेल्या. सात वाजले, रोजच्यासारखी दुधाची डोलची उचलली आणि निघालो. दूध घेतलंच नाही. ओरछा गेटच्या दुकानाचं शटर खाली, मी उभा राहिलो, किती वेळ ते माहीत नाही. दुकानदार आला, म्हणाला दादा, इतनी सुबह? मी म्हटलं दो सेल. म्हणाला चार का पत्ता आता है, चार ले जाओ, काम आएँगे. मी म्हटलं फाड के दो दे. वर नवे रिमोट लटकत होते, एक अगदी आमच्यासारखा, आणि खोटं नाही बोलणार, हात वर गेला. त्याला शिवला. मग आठवलं, चिठ्ठी टाकलेली नाही. हात खाली घेतला.

घरी आलो. कोपऱ्यातून रिमोट घेतला, सेल घातले, चपटी बाजू स्प्रिंगकडे, ती सांगायची तसं, आणि दाबलं. टीव्ही लागला, आवाज मोठा राहिलेला, तिच्या मालिकेतलं लग्न चाललेलं, सनई. सगळ्या बायका वळल्या. शालू किंचाळली, भाऊजी, शरम करा! कोणीतरी भिंतीतलं बटन बंद केलं. मी कोणाकडे पाहिलं नाही. हिच्याजवळ खाली बसलो, रिमोट तिच्या हाताशी ठेवला आणि सांगितलं, चालला गं. दोनच आणले.