आजींचे तिकीट परत येत होते

ल्विव, गुरुवार, १६ फेब्रुवारी २०१७

मी ओरिस्या ह्नातिव, वय ४४, व्यवसाय पाठ्यपुस्तकांचे मुद्रितशोधन, राहणार झामारस्टिनिव, ल्विव. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की, घटना सोमवारची असून मी आज आले, या उशिराबद्दल क्षमा मागते. ट्राम भरलेली होती. कोणीतरी खरे सांगेलच, असे मी धरून चालले. कोणीही आलेले नाही. मार्क्यान द्झिंद्रा, बेकरी कामगार, हा तपासनिसाला मारल्याच्या आरोपावरून अजून कोठडीत आहे. त्याने मारलेले नाही.

सोमवारी सकाळी मी ट्राममध्ये तिकीट टोचण्याच्या यंत्राजवळ उभी होते. मागच्या बाकावरून एका आजींनी तिकीट पुढे पाठवले. "बाळांनो, तेवढं टोचून द्या." टोचल्याशिवाय तिकीट चालत नाही, म्हणून गर्दीत आपण सगळेच असे करतो. तिकीट हातोहात माझ्यापर्यंत आले. प्रत्येकाने "कृपया" म्हटले. मी ते टोचून शेजारी उभ्या असलेल्या मार्क्यानकडे परत दिले. तेवढ्यात मागच्या दाराने तपासनीस चढला.

"आजी, तिकीट?"

"पुढे गेलंय, साहेब. येतंय परत."

"तिकीट येत नसतं, आजी. तिकीट असतं. उतरा खाली."

मी ओरडून सांगितले की तिकीट त्यांचेच आहे, मीच टोचले. तो म्हणाला, "बाई, तुम्ही वकील आहात का? मग गप्प बसा." ज्यांच्या हातांतून तिकीट गेले ते सर्वजण खिडकीबाहेर बघत होते. काचा वाफेने धुरकटल्या होत्या. बाहेरचे काहीही दिसत नव्हते.

मार्क्यान वाट काढत मागे गेला. मीही त्याच्यामागे सरकले. तो काहीच बोलला नाही असे मी म्हणणार नाही. तो म्हणाला, "तुझ्या आईलाही असंच उतरवतोस का रे?" त्याचा एक हात वरच्या दांडीला होता. दुसऱ्या हातात, सगळ्यांच्या डोक्यांवर धरलेले, आजींचे तिकीट होते. तपासनीस थांब्यावर, उघड्या दारात उभा राहून आजींची पिशवी ओढत होता. पिशवीचा बंद तुटला आणि तो पायरीवरच्या बर्फावरून मागे पडला. बटाटे त्याच्या पाठोपाठ गेले. त्याच्या डोक्याला लागले, याचे मला वाईट वाटते. एवढेच वाटते.

तपासनिसाच्या ओरडण्यावरून धावत आलेल्या पोलीस शिपायांनी मार्क्यानला खाली ओढले. तेव्हाही वळून त्याने तिकीट तपकिरी कोटातल्या एका गृहस्थांच्या हाती दिले. "मागे द्या, आजींचं आहे." त्यांनी दिले. "हे घ्या, आजी," असेही म्हणाले. मग शिपायांनी विचारले, कोणी काही पाहिले का? तेच गृहस्थ म्हणाले, "माझं लक्ष नव्हतं."

असल्या सभ्यपणाची मला किळस येते. हे वाक्य जबाबात बसत नाही, असे लिहून घेणारे अधिकारी म्हणाले. ते ठेवावे, असा माझा आग्रह आहे.

अधिकाऱ्यांनी वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यांनी लिहिलेला "झटापट" हा शब्द मी खोडायला लावला, कारण झटापट झाली नाही. बाकी सर्व मी पाहिले तसेच आहे.

उद्या सकाळी: त्याच थांब्यावर उभे राहून तपकिरी कोट शोधणे.

सही: ओ. ह्नातिव